नाक माझं, बिअर शिरीषची

शिरीषने मला फसवलं, आणि त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, त्याला साथ दिली. तो जाऊन आता पाच आठवडे झाले, तरी माझं मत बदललेलं नाही. मोहालीतल्या माझ्या दुकानात तो टाइल्स घ्यायला आला, तेव्हा मी सांगितलेला भाव त्याने घासाघीस न करता मान्य केला होता. असल्या माणसापासून सावध राहावं, हे मला धंद्याने शिकवलं होतं. पण हवाई दलातून निवृत्त झालेला हा मिरजेचा माणूस इथे चंदीगडात आमच्याकडचं मराठी बोलत होता... मी विरघळलो.

घरी बेल्जियन धाटणीची बिअर करायचं त्याला वेड. ती आंबवणारं यीस्ट मुळातच केळ्याचा आणि लवंगेचा वास सोडतं. थोडा असला तर मजा, वाढला तर पिकल्या केळ्यांची वखार. पहिली खेप आम्ही मे महिन्यात लावली आणि पिंप स्वयंपाकघरात तसंच ठेवलं. उकाड्यात यीस्ट माजलं. ग्लासाला चक्क नेलपॉलिशचा वास. मी म्हणालो, "ओत सिंकमध्ये." तो म्हणाला, "शेठ, यीस्टची काय चूक? आपणच त्याला तापवलं." पुढच्या खेपेपासून पिंप पाण्याच्या टबात, भोवती ओला टॉवेल, टबात बर्फाच्या बाटल्या. पहिले चार दिवस तो त्या सकाळ-संध्याकाळ बदलायचा. फसफस थांबली तरी पिंपाला हात लावू द्यायचा नाही. मग बिअर फ्रिजमध्ये काही आठवडे पडू द्यायची. यीस्ट तळाशी बसतं, वासही निवतो. मला कुठला दम? मी दर वेळी लवकर उघडायला लावायचो आणि तोंडघशी पडायचो.

गेल्या हिवाळ्यापासून तो पहिला ग्लास माझ्यापुढे धरायला लागला. "सांग, केळं किती, लवंग किती?" मी सांगेन ते लिहून घ्यायचा, मग स्वतः हुंगून मान डोलवायचा. शेवटच्या खेपेला वासाने डोकं उठलं होतं, आणि हा म्हणतो, "छान निवलाय." मी भडकलो. "नाक गेलं काय रे तुझं? घरभर केळी सडल्यासारखा वास सुटलाय." वहिनी ओट्यापाशी होत्या. त्यांनी गॅस बंद केला. शिरीष हसला. "तुझं आहे ना, शेठ." मी दार आपटून निघालो. तीन आठवडे फोनसुद्धा केला नाही.

मग फोन आला तो वहिनींचा.

स्मशानातून परतताना त्यांनी सांगितलं. डोक्यात गाठ होती. त्याला वास येणं गेल्या हिवाळ्यातच बंद झालं होतं. मला कळलं तर मी त्याच्याशी भांडायचं सोडून देईन, एवढीच त्याला भीती होती...

वहिनी, त्याला आता विचारता येत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. त्या दिवशी मी जिना उतरत होतो, फार लांब गेलो नव्हतो. एक हाक पुरली असती. का नाही मारलीत? मला उत्तर हवं आहे.