नाव झाकणावर लिहिलं

लॅबवाल्यांनो, हसायचं तर हसा. बारा वर्षं नव्या मुलींना मीच बजावते की नमुन्याचं नाव जंतू वाढवायच्या प्लेटच्या तळावर लिहा, झाकणावर नको. काल घाईत मीच झाकणांवर लिहिलं.

मी पाणी तपासते. काल दोन नमुने लावले होते, एक सानपाड्याच्या शाळेचा, दुसरा आमच्याच सोसायटीच्या टाकीचा. आज सकाळी इन्क्युबेटरमधून काढताना दोन्ही झाकणं निसटून पडली. एक प्लेट स्वच्छ. दुसरीवर गुलाबी ठिपक्यांचा सडा, म्हणजे पाण्यात सांडपाणी मिसळल्याची शंका. आता कुठली कुणाची?

लॅबचे सर म्हणाले, "शाळा दरवेळी क्लीन येते. क्लीन लिहून टाक."

मी नाही लिहिलं. उरलेलं पाणी परत लावलं, पण निकाल उद्या.

शाळेत फोन केला. माझीच चूक झाली म्हणून सांगितलं, उद्यापर्यंत पिण्याचे नळ बंद ठेवा म्हटलं. ऑफिसमधल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, लेखी द्या, लगेच बंद करते. तोंडी सांगण्यावर मुलांचं पाणी कसं तोडू?"

सर म्हणाले, "रिपोर्टशिवाय लेटरहेडवर एक ओळ जाणार नाही."

दिवसभर हेच. त्यातच शाळेची मधली सुट्टी होऊन गेली.

घरी आल्या आल्या मी पाणी उकळलं. त्याला कुणाची सही लागली नाही.

तुम्ही असतात तर साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने लिहून दिलं असतंत का?

मी लिहिलं होतं. कागद अजून पर्समध्येच आहे.