खिडकीजवळची खुर्ची

पनवेलच्या आमच्या अभ्यासिकेतले काका बॅग ठेवून खुर्ची अडवू देत नसत. कोणी चहाला जाऊन रेंगाळलं, की त्याची बॅग थेट जिन्यात. "खुर्ची मानसाला हाय, बॅगेला नाय," एवढंच बोलत. मी एमएस्सीसाठी लातूरहून आले तेव्हा माझीही बॅग दोनदा जिन्यात गेली होती. मला त्यांचा रागच यायचा.

पहिल्या सत्रात मी दोन विषयांत नापास झाले आणि सरळ गावी निघून गेले. आठवड्याने आले ती अभ्यासिकेचं कार्ड परत करायला. आत एकही जागा रिकामी नव्हती. माझ्या नेहमीच्या खिडकीजवळच्या खुर्चीवर मात्र काकांच्या डब्याची पिशवी होती.

मला बघून त्यांनी ती उचलली. "आठ दिस माजा डबाच अभ्यास करतोय. बस आता."

कार्ड खिशातच राहिलं. मी बसले.