राक्षसाच्या तोंडातली बिडी

मंडळी, आज दुपारपासून माझा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितो आहे.

माझी नात प्रणाली भंडाऱ्याला कॉलेजात शिकते. गावच्या दवाखान्यात शुगर तपासायचं मशीन यावं म्हणून तिचा वर्ग पैसे जमवायला दौड ठेवतो आहे. आज थंड पेयाची एक कंपनी खर्च द्यायला तयार झाली.

"पण आबाजी, धावून झालं का सगळ्यायनं त्यांची बाटली पिऊन फोटो काढाचा म्हणून राहिले. उद्या हो का नाही सांगाचं आहे."

मला सत्तरच्या दशकातली, दिवाळीनंतरची आमच्या गावची मंडई, म्हणजे नाटकांची जत्रा, आठवली. शाळेच्या छपरावर कवेलू, म्हणजे कौलं, घालायला आम्ही मुलांनी तिकीट लावून नाटक बसवलं होतं. बिडी कारखान्याचे शेटजी मंडपाचा खर्च देणार होते. अट एकच, नाटकातल्या राजानं त्यांची बिडी ओढायची. राजा मीच होतो, आठवीतला. अख्ख्या गावासमोर बिडी ओढायची म्हणून घाबरून मी गुरुजींकडे धावलो.

गुरुजी म्हणाले, "राजा कायले ओढते बे? राक्षसाले देऊ."

राक्षसानं स्टेजवर धूर सोडला आणि लोक पोट धरून हसले. शेटजी पहिल्या रांगेत बसून बघत होते. आम्हाला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर जो तो म्हणे, "एक बंडल राक्षस दे गा."

शाळेवर कवेलू चढले. राक्षस झालेल्या माझ्या दोस्ताची बिडी मात्र मरेपर्यंत सुटली नाही.

प्रणाली अंगणात माझ्या उत्तराची वाट पाहत बसली आहे. मशीन तर गावाला हवंच आहे. तुम्ही तिला काय सांगितलं असतं?