हस्कीची पाठ
यंदाही कूलरला नव्या ताट्या लावल्या आणि ओल्या वाळ्याच्या वासाबरोबर आमचा हस्की आठवला. बर्फातला कुत्रा मी हौसेने नागपुरात आणला होता, आणि मे महिन्यात तो दिवसभर कूलरसमोर पडून धापा टाकायचा. एवढं केसांचं ओझं उतरवलं तर सुटेल बिचारा, असं वाटून मी ट्रिमर घेऊन त्याला अंगणात बसवलं. भांडी घासता घासता मावशी म्हणाल्या, "काहून भादरून राहिल्या बाई त्याले? देवानं देलं ते काय उगीच देलं?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं." तो मात्र जागचा हलला नाही, कारण मी सारखी त्याला "शहाणा माझा" म्हणत होते. चार दिवसांत सकाळच्या फिरण्यातल्या उन्हानेच त्याची उघडी गुलाबी पाठ भाजून निघाली. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हेच केस त्याला उन्हापासून वाचवत होते. आतली सुटलेली लव तेवढी विंचरून काढायची असते." घरी येऊन मी मलम घेऊन बसले, तर तो आपणहून आला आणि त्या दिवसासारखाच माझ्याकडे पाठ करून मुकाट बसला. तेव्हा तो एकदा तरी गुरगुरायला हवा होता, असं मला अजून वाटतं.