कुंकू लागलं नाकाला

मंडळी, आज आमच्या सातपूरच्या कॉलनीत हळदीकुंकू झालं आणि माझ्या नाकावरचं कुंकू अजून निघत नाहीये!

झालं असं, की मुलांनी दारूपासून लांब राहावं आणि गाडी जपून चालवावी, म्हणून कॉलनीतल्या मुलांनीच एक गट काढलाय. माझी सोळा वर्षांची सई त्यात पुढे. त्यांनी आज एक चष्मा आणला. तो घातला की प्यायलेल्या माणसाला दिसतं तसं सगळं धूसर आणि तिरकं दिसतं. म्हणे, हा घालून एकमेकींना कुंकू लावा!

शेजारच्या काकूंनी माझ्या कपाळाचा नेम धरला, बोट थेट नाकावर. मी त्यांच्या कानाला कुंकू लावलं. हसून हसून पुरेवाट!

मग सईने माईक घेतला. "आई, मी पिणार नाही. पण पार्टीहून निघताना गाडी चालवणाराच प्यायलेला असला, तर तुला फोन करणार. तू आधी घ्यायला यायचं. ओरडायचं ते घरी आल्यावर."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "गाऊनवर असले तरी येईन!" टाळ्याच टाळ्या.

खरं सांगू? ती सुखरूप घरी आली, की माझं ओरडायचं राहूनच जाईल.

तुमची मुलं अशा वेळी तुम्हाला फोन करतील? आजच विचारा.