दगड वाचणारी शेजारीण

शिकागोत आमच्या शेजारची गोरी म्हातारी कॉलेजात रोमन शिलालेख शिकवायची. बोलताना शब्दाशब्दाला टेबलावर बोट आपटायची. माझी नात शाळा सुटली की थेट तिच्याकडे. घरी येऊन मला सांगे, "आजी, दोन जनरल किंग व्हायला फाइट करत होते. एकाने स्टोनवर लिहिलं, मी जुन्या किंगचा मुलगा. टोटल खोटं! पण सगळ्यांनी बिलीव्ह केलं."

एकदा आम्ही दोघी तिच्याकडे चहाला गेलो, तेव्हा म्हातारीने पाहुण्यांना माझ्यासमोर सांगितलं, "ही माझी ग्रँडडॉटर." मला संताप आला.

"तिला सांग, तू माझी नात आहेस."

नात तिला इंग्रजीत म्हणाली, "आजीला चहा आवडला."

एवढं इंग्रजी मला कळतं. म्हातारीने खूश होऊन माझा कप पुन्हा भरला.