सुई दिली तिथे दुखत नव्हतं

माझं दुखणं कमरेत नव्हतंच. कमरेच्या खाली, उजव्या कुल्ल्याच्या वरच्या सांध्यात होतं. एवढं एक वाक्य तेव्हा माझ्या तोंडातून निघालं नाही.

धानाची रोवणी तोंडावर आली होती आणि मला वाकता येत नव्हतं. आमच्या ब्रह्मपुरीकडे रोवणीला न जाणारी सून कामचोर ठरते. नवरा चिखलणीत अडकलेला, म्हणून चंद्रपूरच्या दवाखान्यात भासऱ्यांनी नेलं. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांच्यासमोर आम्ही पदर ओढून गप्प राहायचं.

डॉक्टरांनी मला विचारलं, "कुठे दुखतं?"

भासऱ्यांनी स्वतःच्या कमरेवर मधोमध हात ठेवला. "इथी दुखून राह्यलं तिचं, साहेब. लय दिवसापासून."

डॉक्टरांनी तिथेच दाबलं. थोडं दुखलं. "इथेच ना?" मी होकाराची मान हलवली. डॉक्टरांनी मणक्यात सुई द्यायचं ठरवलं.

सुईच्या खोलीत भासरे नव्हते. तिथे तरी सांगायचं. पण मला पालथं झोपवून परकर खाली सरकवला होता, दोन परके पुरुष उभे होते. लाजेनं मी डोकं उशीत खुपसलं. एकदा मान वळवली तर बाजूच्या टीव्हीसारख्या पडद्यावर माझे मणके दिसले आणि त्यांत शिरणारी सुई.

"अगदी बरोबर बसली," डॉक्टर म्हणाले.

मग भासऱ्यांसमोर मला वाकायला लावलं. "आता कमी वाटतं?" तीच जुनी कळ मांडीपर्यंत गेली. मी पुन्हा मान हलवली. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

आठ दिवसांनी रोवताना मी शेताच्या अर्ध्या बांधीतच खाली बसले. घरी सासू म्हणाली, "टीव्हीत पाहून सुई देल्ली तुले. आता काऊन नाटक करून राह्यली?"

"दुसऱ्याच जागी देल्ली," मी हळूच म्हटलं.

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं? तोंड नोहतं का तुले?"

लग्नानंतर भासऱ्यासमोर आवाज काढायचा नाही, हे मला हिनंच शिकवलं होतं. ते तिला ऐकवायचं होतं. पण भासरे ओसरीवर बसलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रोवणीला गेले. एक गुडघा चिखलात टेकून रोवलं. बाकीच्या बाया बांध गाठून पान खात बसल्या, तेव्हा माझी ओळ अर्धी होती. पुढे मला कोणी दवाखान्यात नेलं नाही. इलाज झाला होता ना माझा.